तीन पोकळ नळ्या

आमच्या घरात मुंग्यांना वहिवाटीचा हक्क होता. मागच्या उंबऱ्याखालून त्या आत येत, पाट्यावरवंट्याला वळसा घालून भिंतीच्या कडेनं कोठीच्या खोलीत जात, आणि त्यांची रांग चालू असली की आई कमरेवर घागर घेऊन उभी राहत असे, फाटक पडल्यावर सायकलवाला उभा राहतो तशी. "त्यांचं होऊ दे, मग मी जातो," असं ती म्हणे. (कोल्हापुरात बायकाही 'जातो, येतो, करतो' असंच बोलतात. मी पुढे पुण्याला राहायला गेले तेव्हा तिथल्या शेजारणींनी माझं बोलणं सुधारायचं मनावर घेतलं होतं. त्याच आधी थकल्या.) आमचं घराणं जैन, मूळचं कुरुंदवाडकडचं. आप्पा, म्हणजे वडील, गुळाचे अडते. दिवसभर मार्केट यार्डात ढेपा फोडून, चाखून, सौदे करून ते घरी येत तेव्हा त्यांच्या धोतराला असा वास असे की ते वेगळ्या दोरीवर टांगावं लागे, आणि सकाळी घालण्याआधी अंगणात हळूच झटकावं लागे. झटकण्याचं काम माझ्याकडे होतं. जोरात झटकलं तर मुंग्यांना लागेल म्हणून आई ओरडत असे.

पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात राहिलेले जीव परत आडात सोडायचे. मी ते फडकं उजेडाला धरून खूप वेळ बघे. काहीच दिसत नसे. "दिसत न्हाईत म्हणून न्हाईत व्हय?" असं आई विचारी. जेवणं सूर्य मावळायच्या आत. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि शेवटी भाकरीच्या पापुद्र्यावर तूप आणि बोटानं दाबलेला गूळ. दिवेलागणीला आमची भांडी घासून पालथी पडलेली असत आणि त्याच वेळी शेजारपाजारी कांदा-लसणाच्या वाटणाचा वास सुटलेला असे. रविवारी तर सगळी गल्ली तांबड्या रश्श्यात बुडे. आई उदबत्ती लावून खिडकी लोटून घेई. मी खिडकीजवळच अभ्यासाला बसे. वासाला काही पाप लागत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं.

अशा घरातली मुलगी शेतकी कॉलेजात गेली हे आप्पांच्या दृष्टीनं ठीकच होतं. गावाकडे शेती होती, गूळ उसाचाच होतो. अडचण निघाली कीटकशास्त्राची. त्या विषयाचं पुस्तक निम्मं कीटकांबद्दल होतं आणि निम्मं ते मारायचे कसे ह्याबद्दल. वाचायला हरकत नव्हती, वाचून कुणी मरत नाही. पण प्रात्यक्षिकाला डबा करून द्यावा लागे. डबाभर कीटक पकडायचे, औषधाचा बोळा ठेवलेल्या बाटलीत घालून मारायचे, छातीतून टाचणी घालून लाकडी पेटीत ओळीनं लावायचे, खाली नावं, कोपऱ्यात डांबरगोळ्या. मी हे आप्पांना जेवताना सांगितलं. हीच माझी चूक.

"बाटलीत घालून?" आप्पांनी विचारलं.

"व्हय."

"मग टाचणी?"

"व्हय."

"जित्यापणी, का मेल्यावर?"

"मेल्यावर."

"तेवढं तरी बरं हाय," असं म्हणून त्यांनी हात धुतला. आप्पा रागावले की आवाज चढवत नसत, फक्त जेवण अर्धं सोडत, आणि आमच्या घरात त्याहून मोठी शिक्षा नव्हती, कारण अर्ध्या ताटाचं काय करायचं हा प्रश्न मग आईच्या डोक्यावर बसे. उठताना ते म्हणाले, "ह्या घरात बाटली यायची न्हाय. डब्याबिगर पास करत असतील तर शिक. न्हायतर बास झालं कॉलेज." आप्पांच्या 'बास'ला पुढची तारीख नसे. डबा नाही तर प्रात्यक्षिक नाही, प्रात्यक्षिक नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर मलकापूरचं एक स्थळ आत्यानं केव्हाचं तयार ठेवलेलं होतं. मुलगा बरा होता असं म्हणतात. मी त्याला कधी पाहिलं नाही, आणि त्याला नापसंत करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, एवढंच की तो कीटकशास्त्रापेक्षा कमी मनोरंजक वाटत होता.

मी आधी आपोआप मेलेले किडे गोळा करून पाहिले. दिव्याखाली पडलेले, खिडकीच्या फटीत वाळलेले. पण आमच्याच मुंग्या माझ्या आधी तिथे पोचत, आणि हाती यायचे ते तीन पायांचे, बिनडोक्याचे. ते मी आमच्या विभागाच्या सरांपुढे नेले. सर कोल्हापूरच्या उन्हाळ्यात टाय बांधणारे गृहस्थ होते. त्यांच्या खोलीत मेलेल्या फुलपाखरांतून जुळवलेलं कॉलेजचं बोधचिन्ह काचेत लावलेलं होतं. मागे कुणी मंत्री येऊन गेले तेव्हा ते केलेलं. ज्ञानाच्या दिव्याची ज्योत पिवळ्या फुलपाखरांची होती. त्याखाली उभं राहून सरांनी माझा डबा उघडला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हा कीटक आहे की कीटकाचा अवशेष?" सगळी मुलं हसली. मीही हसले, प्रश्न चांगला होता.

माझी मैत्रीण सुजाता कांबळे मात्र हसली नाही. तिचा डबा कधीच पुरा झाला होता, नीटनेटका, सुंदर अक्षरातला. आम्ही दोघी घरी चालत निघालो तेव्हा ती म्हणाली, "आमच्या पंचशीलातबी पयलं शील हेच हाय, पद्मे. जीव मारायचा न्हाय."

"मग तू कसा केलास?"

"बापूंना विचारलं. त्ये म्हणाले, आधी पदवी घे. माफी मागायला जन्म पडलाय." थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "तुला मारायचं न्हाय, आणि सरास्नी किडं बघायचंय. मग फोटू काढ की."

सुजाताचे बापू, म्हणजे तिचे वडील, जिल्हा परिषदेत कारकून होते आणि त्यांना फोटोचा नाद होता. त्यांच्याकडे एक रशियन कॅमेरा होता, इतका वजनदार की तो गळ्यात अडकवला की माणूस आपोआप नम्र होई. तो त्यांनी मला दिला, एकाच अटीवर, की पट्टा गळ्यातून काढायचा नाही. मी जास्वंदीवरच्या लाल किड्यांचं एक अख्खं रीळ घेतलं. बापूंनी ते न्हाणीघरात धुतलं. प्रत्येक फोटोत जास्वंद उत्तम आली होती आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका होता. तो ठिपका म्हणजे कीटक हे मला माहीत होतं. परीक्षकाला कोण सांगणार? अजून जवळ जावं तर भिंग हातभर अंतराच्या आत काहीच स्पष्ट दाखवत नव्हतं. तेव्हा बापूंनी कॅमेऱ्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका काढली. तिच्या शेवटच्या पानावर, जिथे विकायच्या वस्तूंची चित्रं असतात तिथे, तीन पोकळ नळ्या होत्या. कॅमेरा आणि भिंग ह्यांच्या मधे त्या फिरवून बसवायच्या. भिंग कॅमेऱ्याच्या डबीपासून जितकं पुढे सरकेल तितकं त्याला जवळचं दिसतं, आणि लांबचं अजिबात दिसेनासं होतं. (पुढच्या आयुष्यात मला असे बरेच विद्वान भेटले.)

रात्री नव्हे, सूर्य बुडायच्या आत, जेवताना, मी हे घरी मांडलं. आता मी शहाणी झाले होते. आप्पांची भाकरी संपेपर्यंत थांबले.

"नळीत काच हाय?" आप्पा म्हणाले.

"न्हाय."

"मग काय हाय?"

"हवा."

"हवा विकत्यात?"

"मुंबईला विकत्यात."

आप्पांनी आईकडे पाहिलं. आयुष्यभर ओल्या गुळातलं पाणी आणि बारदानाचं वजन वजा करत आलेला तो माणूस. हवेचा सौदा त्यांच्या ऐकण्यात प्रथमच येत होता. पण माझा थोरला भाऊ अण्णा जेवता जेवता थांबला. अण्णाचं उद्यमनगरात एक लेथ मशीन होतं, त्यावर तो ऑइल इंजिनाचे सुटे भाग करी. जगात जे काही बनतं ते उद्यमनगरात बनू शकतं, फक्त थोडं जड बनतं, ही त्याची श्रद्धा होती. "कशाला मुंबई? कॅमेरा आण उद्या. आटे मोजून घेतो. परवा नळ्या घेऊन जा," असं तो म्हणाला, आणि खरोखरच त्यानं तीन नळ्या केल्या, एक बोटाच्या पेराएवढी, बाकीच्या तिच्याहून लहान. अ‍ॅल्युमिनियमच्या, एकीत एक बसणाऱ्या. पहिली बसवण्याआधी त्यानं लेथला हार घातला आणि नारळ फोडला. शेजारच्या वर्कशॉपातली माणसं प्रसाद घ्यायला आली, त्यांनी नळीतून एकमेकांकडे पाहिलं आणि छान झाली आहे असं सांगून गेली.

नळ्या लावून काढलेलं पहिलं रीळ धुतलं तेव्हा त्यात धुकं होतं. माशी होती, पण हिवाळ्यात रंकाळ्यावर पहाटे दिसते तशी. बापूंनी नळी उजेडाकडे धरली आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं. अण्णानं तिला आतून इतकं घासून चकचकीत केलं होतं की तिच्यात तोंड बघून भांग पाडता आला असता. भिंगातून आलेला उजेड आत शिरून नळीच्या भिंतींवर नुसता नाचत होता. आतून काळं करायला हवं होतं. मी शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग आणून अण्णासमोर नळीला फासू लागले तेव्हा त्यानं लेथ बंद केलं.

"अगं, दोन दिस पॉलिश मारलंय त्याला," तो म्हणाला.

"आतनं कशाला मारलास?"

"आतनंबी दिसायला नगो? माल कसा, आतबाहेर एक." मग तो वळून कामाला लागला, आणि मागे न बघता म्हणाला, "एक हात पुरे व्हायचा न्हाय. दोन मार."

त्यानंतर मी शिकत गेले. नळ्या लावल्या की फोकस भिंग फिरवून करायचा नसतो, आपणच अंग पुढेमागे झुलवायचं असतं. दोन-चार केसांच्या जाडीएवढंच काय ते स्पष्ट दिसतं. माशीच्या एका मिशीवर फोकस केला की दुसरी मिशी ढगात. अधिक स्पष्ट हवं तर भिंगाचं छिद्र लहान करायचं, मग उजेड कमी पडतो, आणि उजेड वाढवायला सुजाता माझ्या आईच्या लग्नातला आरसा घेऊन उभी राही आणि उन्हाचा कवडसा किड्यावर टाकी. संध्याकाळचं मऊ ऊन ह्या कामाला सगळ्यांत चांगलं. पण ती आमची जेवायची वेळ. म्हणून मी सकाळची झाले. गोठ्यामागच्या एरंडापाशी, आडाच्या काठावर, तुळशीकट्ट्यावर मी पोटावर पडलेली असे आणि श्वास रोखलेला असे. रस्त्यावरून जाणारे दूधवाले फाटकाशी थांबत. "काय हरवलंय काय, पावणं?" असं एकानं विचारलं. "माशी," असं सुजातानं सांगितलं. तो दूध विसरून थोडा वेळ आमच्याबरोबर शोधत होता.

आणि एक दिवस मी पाहिलं. नेहमीची घरातली माशी, आडाच्या रहाटावर बसलेली. मी पुढे झुलले, मागे झुलले, आणि एका क्षणी ती नळ्यांतून माझ्यासमोर उभी राहिली. डोळा म्हणजे डोळा नव्हताच, तांबड्या मण्यांचा विणलेला गालिचा होता, आणि प्रत्येक मण्यात बारीक उजेड. कपाळावर रुपेरी पट्टा. तोंडाशी ओला स्पंज. ती पुढचे पाय एकमेकांवर चोळत होती, अतिशय काळजीपूर्वक, पंक्तीला बसण्याआधी म्हातारे हात धुतात तशी. मी कळ दाबायची विसरले; दाबली ती तिनं पुन्हा पाय चोळायला घेतले तेव्हा. आयुष्यात मी पुढे समुद्र, हिमालय वगैरे पाहिले, लोक दाखवतात तेव्हा पाहावेच लागतात. पण कशासमोर कळ दाबायची विसरले असं पुन्हा झालं नाही. परवा माझ्या नातीनं फोन माशीजवळ नेला, बोट लावलं, आणि त्या गालिच्याचा मणी न् मणी मला दाखवला. फोटो माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा सरस होता. तिनं श्वास रोखला नव्हता, ह्याचं मात्र मला उगाच वाईट वाटलं.

किडे बसत नसत ही खरी अडचण. कॅमेऱ्याचा आवाज फाटकन येई आणि रिळातल्या निम्म्या फोटोंत रिकामं पान उरे. हे आप्पांच्या कानावर गेलं. मी मारत नाही म्हटल्यावर त्यांचा विरोध संपला होता, आणि अडत्याच्या स्वभावाप्रमाणे आता त्यांना व्यवहार यशस्वी व्हायला हवा होता. एका संध्याकाळी ते गुऱ्हाळातून आलेली ताजी काकवी वाटीत घेऊन आले. उसाचा रस गूळ होण्याआधी थांबवला की जी दाट, काळसर सोनेरी, वाहती होते ती काकवी. "ह्ये ठेव तुझ्या कट्ट्यावर," ते म्हणाले. "माशी काय, गिऱ्हाईकबी उठत न्हाय ह्याच्यावरनं." त्यांनी स्वतःच्या हातानं केळीच्या पानावर ती पसरली, पान तुळशीकट्ट्यावर ठेवलं आणि समाधानानं झोपायला गेले.

सकाळी आईची हाक आली तेव्हाच मला कळलं, कारण तिनं नाव घेतलं नव्हतं, नुसतंच "इकडं या" म्हणाली होती. कोणीच उठलं नव्हतं पानावरून. आप्पांचं म्हणणं अक्षरशः खरं झालं होतं. मुंग्या, दोन-तीन माश्या, एक कोवळी गांधीलमाशी, सगळी त्या सोन्यात रुतून गेली होती. जी जिवंत होती ती आईनं पाण्याच्या थेंबानं एकेक करून सोडवली, आणि आम्ही तिघं उन्हात बसून त्यांचे पंख वाळतात का बघत राहिलो. काही उडाली. बरीच नाही. जो जीव मारू नये म्हणून एवढा खटाटोप चालला होता तो सरांच्या औषधाच्या बाटलीपेक्षा जास्त संख्येनं आमच्याच अंगणात, आमच्याच मालानं, आणि घरातल्या सगळ्यांत कडक माणसाच्या हातून गेला होता.

आप्पांनी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. दुकान उघडलं नाही. दुपारी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "कॅमेरा देऊन टाक बापूंचा. ह्या नादात कायतर व्हायचंच. आता बास."

मी कॅमेरा पिशवीत घातला. परीक्षा जवळ आली होती, माझ्याकडे जेमतेम दोन रिळांचे बरे फोटो होते, आणि मलकापूर एकदम फार जवळ वाटू लागलं. दारातून बाहेर पडताना आईनं मला थांबवलं. तिच्या हातात माशीचा फोटो होता, पाय चोळणाऱ्या माशीचा, बापूंनी मोठा करून दिलेला. तो तिनं आठवडाभर तांदळाच्या डब्याशेजारी लावून ठेवला होता हे मला माहीत नव्हतं. ती तो घेऊन आप्पांसमोर गेली.

"ही बघितलासा?" ती म्हणाली.

"बघितली."

"ही हिनं काढली. कोण मेलं न्हाय. काकवी कुणी ठेवली?"

आप्पांनी फोटो हातात घेतला.

"तुम्ही ठेवलासा. उपास तुम्ही करा. फोटू तिला काढू दे. दोघांनी एकच कशाला करायचं?"

आप्पांनी फोटो तिला परत दिला. मग त्यांनी होकाराची मान हलवली. आमच्या घरात क्षमा, प्रायश्चित्त, दया ह्यांवर पुष्कळ प्रवचनं झाली, त्यांतली काही मोठ्या मंडपात, ध्वनिक्षेपकावर. माझ्या मते विषयाला धरून बोलणारी व्यक्ती त्या दुपारी एकच होती, आणि तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी गुळाचा खडा आणला. कोरडा, कडक, रवाळ, पाणी न सुटणारा. आलेल्या ढेपांतून त्यांनी तो अशा चिकित्सेनं निवडला होता की गुजरातचे व्यापारी खूश झाले असते. नखानं ओरखडा काढून, कानाशी फोडून आवाज ऐकून, बोटावर घासून चिकटतो का पाहून. "ह्यावर पाय रुतायचा न्हाय," ते म्हणाले, आणि खडा कट्ट्यावर ठेवून माझ्याबरोबरच उकिडवे बसले. माश्या आल्या. बसल्या. स्पंज टेकवून खाऊ लागल्या की त्यांना कॅमेऱ्याच्या फाटकन आवाजाचंही भान राहीना. मुंगळे आले, गांधीलमाशी आली, एक निळ्या पाठीचा सोनकिडा कुठून तरी आला. सुजाता आरसा धरून हसत होती. आप्पा प्रत्येक फोटोनंतर खडा निरखून बघत आणि कुणी रुतलं नाही ह्याची खात्री करून "हं, घे पुढचा" म्हणत. त्या सकाळी यार्डात त्यांचे सौदे खोळंबले होते. दिवाणजी दोनदा बोलवायला आला आणि दोन्ही वेळा त्यालाच कवडसा अडू नये म्हणून बाजूला उभं करण्यात आलं.

फोटो लावायला अल्बम हवा होता. महाद्वार रोडवर मिळाला तो काळ्या पानांचा एकच, आणि त्याच्या मखमली पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' छापलेलं होतं. दुकानदारानं माझ्याकडे पाहून अभिनंदन केलं. मी आभार मानले.

सरांनी अल्बम उघडला नाही. ते म्हणाले, "मी सही करणार नाही आणि अडवणारही नाही. बाहेरून परीक्षक येतायत, ते ठरवतील." बाहेरून येणारे परीक्षक म्हणजे आमच्या कॉलेजात मोठाच सोहळा. स्टँडवर गाडी जाई, फेटा बांधला जाई, शाल-नारळ होई, विभागाचं कार्य ह्या विषयावर सर बोलत, परीक्षक त्यावर बोलत, आणि मग सगळे तांबडा-पांढरा रस्सा जेवायला जात. प्रात्यक्षिक हे त्या जेवणानंतरचं काम. दुपारी परीक्षक आले ते डोळे जड झालेले, शर्टाचं वरचं बटण सोडलेलं, फेटा काखेत. डब्यांवरून ते झपाझप गेले. सुजाताच्या डब्याशी थांबून "व्वा" म्हणाले. मग माझ्यासमोर आले आणि 'शुभविवाह' बघून थबकले.

"हे काय?"

"माझा डबा, सर."

त्यांनी पान उलटलं. पातळ कागदाखालून माशी निघाली. त्यांनी अजून एक उलटलं. मग फेटा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. सर मागे हात बांधून उभे होते, टायसकट. बऱ्याच पानांनंतर परीक्षक म्हणाले, "माशीला पंख किती?"

"दोन. मागच्या दोनांच्या जागी गाठीच्या काड्या असतात."

"दाखव."

मी दाखवली. ती खरोखरच दिसत होती, पंखाच्या मुळाशी, मोहरीला देठ असावा तशी. ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "पाय किती?"

"सहा."

"मला पाच दिसतात."

"सहावा पोटामागे आहे, सर."

"टाचणीचा किडा मी उलटा करतो आणि मोजतो. हा कसा उलटा करू? मला दिसत नाही, तर मी कसा मानू?"

ह्यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण ते सगळं पाणी गाळणाऱ्या आईच्या मालकीचं होतं. मी म्हणाले, "नाही करता येणार, सर."

"जिवंत होती?"

"हो."

"बसली कशी?"

"गूळ दिला."

ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे हिचाही पाहुणचार झालाय." मग त्यांनी सरांकडे वळून विचारलं, की हे नियमात बसतं का. सर म्हणाले, बसत नाही. परीक्षकांनी पेन काढलं, ते कागदावर धरलं, आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मला आठवतं ते पंख्याचं करकरणं, आणि सुजातानं बाकाखालून माझं मनगट धरलं होतं ते. "नापास करायचं तर रकान्यात कारण लिहावं लागतं," परीक्षक अखेर म्हणाले, "आणि तुमच्या कोल्हापूरचं जेवून माणसाला कारण लिहिता येत नाही." त्यांनी आकडा लिहिला आणि उठले. दहापैकी चार. पास व्हायला चारच लागत.

मी घरी न जाता थेट यार्डात गेले. सौदे संपले होते, आप्पा ढेपांच्या थप्पीला टेकून बसले होते, आणि मला बघून ते उठले नाहीत, फक्त टेकणं सोडलं.

"काय झालं?"

"पास झालो."

"किती मिळालं?"

"दहातलं चार."

"सहा कशाला गेलं?"

"डबा न्हवता म्हणून."

आप्पांनी डोकं खाजवलं. "डब्यात किती किडं लागत्यात?"

"पन्नास."

ते काही वेळ ओठ हलवत राहिले. सौद्याचा हिशोब ते नेहमी असाच, तोंडातल्या तोंडात करत.

"म्हंजे गेलेल्या एका मार्काला आठ जीव वाचलं. वर दोन सुटं," ते म्हणाले. "स्वस्तात मिळालं की." आणि हमालाला हाक मारून त्यांनी मला बसायला पोतं झटकून द्यायला सांगितलं, सावकाश.